पिवळ्या डोंग्याचं ठिगळ

प्रताप नगर, नागपूर
८ जुलै १९८४

चारुशीला,

तुला आणि तुझ्या रंगाच्या कारखान्यातल्या समस्त बाटल्यांना आशीर्वाद. मेहुणीला पत्र लिहायचं तर आधी थोडी थट्टा करावी असा रिवाज आहे, म्हणून केली. पुढे थट्टा नाही. तेवढा जोर अंगात उरलेला नाही.

कामाचं विचारतो. ओमप्रकाशने वाडीच्या गोदामातून आणलेला तो पिवळा डोंगा तुला आठवत असेल. त्याचं खरं नाव कयाक. एकट्याने आत बसून दोन्ही बाजूंनी वल्हवायची लांबट, अरुंद, फायबरची होडी. कुठल्याशा क्लबाने मागवली होती. वाटेत ट्रकमध्ये तिच्यावर लोखंडी पिंप पडलं, पोट फाटलं, क्लबवाल्यांनी माल घ्यायला नकार दिला आणि ती गोदामात बेवारशी पडून राहिली. तुझा भाऊ तिथेच मालाच्या पावत्या, बिल्ट्या बनवायचा. साहेबाच्या मागे लागून त्याने ती ठेल्यावर घालून घरी आणली, तेव्हा कॉलनीतल्या बायकांना वाटलं, आम्ही कूलरची टाकीच घेतली. "दुरुस्त करतो न भाऊजी, विसर्जनाले कामी येईन," असं तो म्हणायचा. म्हणता म्हणता राहून गेलं.

गेल्या अनंत चतुर्दशीला फुटाळा तलावावर काय झालं ते तुला नव्याने काय सांगू. मंडळाच्या गणपतीमागे मारोतराव, आपला कोपऱ्यावरचा चहावाला, खोल पाण्यात गेला. ओम टायरची ट्यूब घेऊन त्याच्यामागे उतरला. ट्यूब धरून मारोतराव बाहेर आला, ओम आला नाही. काठावर सगळी कॉलनी होती, ढोल होते, गुलाल होता. होडी नव्हती. ती आमच्या अंगणात पेरूखाली पालथी पडलेली होती.

यंदाच्या चतुर्दशीला डोंगा पाण्यावर असला पाहिजे आणि त्यात मी असलो पाहिजे. एवढं एकच मनात घेतलं आहे. पाटबंधारे खात्यात जन्म गेला, पण मी पाणी पाहिलं ते नकाशातलं, निळ्या शाईचं. फायबरमधलं तर मला ओ की ठो कळत नाही. कूलर दुरुस्त करणारा ताराचंद म्हणतो, "त्यात काय आहे साहेब, कपडा लावा, वरून राळ ओता, झालं. मी टाक्यांले तेच लावून राहिलो न." तू रसायनं शिकलीस. हे खरं आहे का ते सांग. तुझी ताई शोभा बरी आहे म्हणते. मी विचारतो, ती बरी आहे म्हणते, इतकंच आमचं बोलणं.

रुपराव


ठाणे
१७ जुलै १९८४

भाऊजी,

बाटल्यांना आशीर्वाद पोचवले, त्या मजेत आहेत. माझ्या सासूबाई अजून अंथरुणालाच आहेत. सकाळी त्यांचं करायचं, मग बस, मग कारखाना, घरी आल्यावर पुन्हा त्यांचं. त्यामुळे नागपूरला येणं होत नाही असं मी सगळ्यांना सांगते. तुम्हाला खरं सांगते, नुसतं तेवढंच नाही. स्टेशनावर मला घ्यायला नेहमी ओमच यायचा.

आता डोंग्याचं. ताराचंदाचं ऐकू नका. पत्र्याच्या टाकीवरचं ठिगळ एक उन्हाळा टिकलं तरी पुष्कळ झालं, इथे त्याच्या भरवशावर तुम्ही पाण्यात बसणार आहात. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई आणि तिला घट्ट करणारं रेझिन, ताराचंद म्हणतो ती राळ. ताकद असते ती चटईत, रेझिन तिला नुसतं धरून ठेवतं. म्हणून ते ओतायचं नाही, चटई भिजेल एवढंच लावायचं. चिरलेल्या जागेभोवती वीतभर रुंद घासून काढा, चकाकी पार गेली पाहिजे. पहिलं ठिगळ आतून द्या. लहान तुकडा, त्यावर मोठा, त्यावर त्याहून मोठा. ब्रश ओढू नका, ठोकत जा. हवेचा फुगा राहिला की ठिगळ तिथूनच सुटतं. आतलं पक्कं झालं की डोंगा पालथा घालून बाहेरून.

रेझिनबरोबर दोन बाटल्या मिळतील, एक्सिलरेटर आणि हार्डनर. त्या एकमेकींत कधीही ओतू नका, भडका उडतो. एक आधी रेझिनमध्ये नीट ढवळून घ्यायची, मगच दुसरी. एका वेळी वाटीभरच कालवा. जास्त केलंत तर हातातच दगड होईल.

तळ पायाखाली दबतो का पाहा. दबत असेल तर बांबू उभा चिरून त्याच्या फाका आडव्या बसवा आणि त्यांच्यावर चटई चढवा, बरगड्यांसारखी. दोन्ही टोकांत झाकणबंद रिकामे डबे कोंबा, म्हणजे पाणी शिरलं तरी डोंगा तरंगत राहील. मागच्या टोकाला दोराची मोठी कडी पाहिजेच. बुडणाऱ्याला वर घ्यायला जाल तर दोघेही उलटाल. त्याला कडी धरू द्या आणि ओढत आणा.

लिहिताना हात भराभर चालला. बऱ्याच दिवसांनी माझ्या शिक्षणाचा घरच्या कोणाला उपयोग होतो आहे. मास्क नाही तर नाही, निदान नाकाला फडकं बांधा.

चारुशीला


प्रताप नगर
२५ जुलै १९८४

चारू,

हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहिते आहे. दुपारी लिहिते आणि स्वतःच पेटीत टाकून येते.

तू ह्यांना डोंग्याची सगळी रीत लिहून दिलीस. ऑफिसातून आले की चहा पडून राहतो आणि हे पेरूखाली जातात. तिथे घासत बसतात. तो आवाज माझ्या दातांत शिरतो. काचेची कूस अंगावर घेऊन घरात येतात आणि खाजवत झोपतात. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली आहे, आठवण केली तर घेतात, नाही तर नाही. पन्नाशी उलटलेला माणूस, त्या विसर्जनाच्या लोटालोटीत, पुठ्ठ्याएवढ्या जाडीच्या डबड्यात बसून पाण्यात जाणार. मी म्हटलं, "तुम्हीच काहून?" तर म्हणाले, "मंग कोन?" आणि पुन्हा घासायला लागले.

एक भाऊ त्या पाण्याने नेला. आता माझं कुंकू तेवढं राहिलं आहे. मला ते द्यायचं नाही. मोठं मन वगैरे सगळं मला समजतं, पण माझ्याजवळ ते नाही. संपलं.

ते माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. त्यांना लिही की डोंगा दुरुस्त होण्यासारखा नाही. तुझ्या विद्येला खोटं बोलावं लागेल, ठाऊक आहे मला. बहिणीसाठी बोल.

ताई


ठाणे
२ ऑगस्ट १९८४

भाऊजी,

मागचं पत्र लिहिल्यावर मी पुन्हा विचार केला. पावसाळी हवेत रेझिन नीट धरत नाही. शिवाय तो डोंगा इतके दिवस उन्हापाण्यात पडलेला, त्याचं मूळचं फायबरच आतून कुजलं असेल. त्याच्यावर कितीही ठिगळं दिली तरी माणूस बसवण्याइतका भरवसा मी देऊ शकत नाही. यंदा राहू द्यावं. दिवाळीनंतर कोरड्या हवेत बघू.

तब्येतीला जपा. गोळी रोज घ्या.

चारुशीला


प्रताप नगर
१४ ऑगस्ट १९८४

चारुशीला,

तुझं छोटं पत्र मिळालं. पहिलं पत्र तू लिहिलंस. हे दुसरं कोणीतरी तुझ्या हाताने लिहवून घेतलं. ठाण्यात नागपूरच्या तिप्पट पाऊस पडतो, तरी तुझा कारखाना जून ते सप्टेंबर बंद असतो असं काही ऐकलं नाही. आणि काच कुजते हे मी ह्या वयात प्रथमच वाचलं. गोळीचं तर मी तुला कधी लिहिलंच नव्हतं. मी रागावलो नाही. जिने सांगितलं तिच्यावरही नाही. फक्त थांबणार नाही.

आता प्रगती ऐक. पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात मगभर रेझिन कालवलं. वाटीभर म्हणजे वाटीभरच, हे मला धूर निघाल्यावर कळलं. प्लास्टिकचा मग तापला, वाकडा झाला आणि आतल्या दगडासकट तसाच उभा राहिला. तो न्हाणीतला मग होता. शोभा बाहेर येऊन पाहून गेली. "आता आंघोळ काय चमच्यानं करता?" एवढंच म्हणाली, पण म्हणाली. मला बरं वाटलं.

मग दोन बल्ब लोंबकळते सोडून आतली जागा कोरडी केली आणि आतलं ठिगळ दिलं. पहिलं वाईट झालं, फुगे राहिले. तू सांगितलंस तसं ठोकायच्या ऐवजी मी भिंत रंगवल्यासारखा ब्रश ओढत होतो. ते उपटून दुसरं दिलं. ते बसलं. बांबूच्या फाका बसवल्या, त्यांच्यावर चटई चढवली. मी आत उभा राहून पाहिलं. आधी पापडासारखा दबणारा तळ आता हूं की चूं करत नाही. मला चांगलं काही करता येतं हे मी विसरलो होतो.

दंड दुखतात, कमर दुखते, ऑफिसात फायलीवर डोळा लागतो. राखीचा दिवस कसाबसा गेला. मारोतराव दारात आला होता. ते शोभा तुला लिहील तर लिहील.

बाहेरची बाजू पोळ्याच्या रविवारी करणार. शनिवारी घासून तयार ठेवतो.

रुपराव


प्रताप नगर
२८ ऑगस्ट १९८४

चारुशीला,

बाहेरचं ठिगळ सुटलं.

शनिवारी दिवसभर घासून जागा तयार केली होती. रविवारी पोळा. सकाळीच रेझिन कालवलं, वाटीभरच. तीन थर दिले, ठोकून ठोकून फुगे काढले. दिसायला असं सुरेख झालं की ताराचंदाला मुद्दाम बोलावून दाखवलं. सोमवारी ऑफिसातून आल्यावर कडेला नख घातलं, तर अख्खं ठिगळ उचलून हातात आलं. घट्ट झालेलं, चांगलं, कुठे मऊ नाही. फक्त डोंग्याला चिकटलेलं नाही. मी रागारागाने तीच जागा पुन्हा घासली आणि दिवेलागणीला पुन्हा एक थर दिला. आज तोही सुटला.

ताराचंद म्हणतो राळ खराब. मी म्हणतो हवा. दोन्ही खरं नाही. आतलं ठिगळ त्याच राळेचं, त्याच हवेतलं, आणि ते हातोडीने निघत नाही.

सुटलेल्या ठिगळाची आतली बाजू मी बोटाने चाचपली. ओशट लागली. वास घेतला. तुपाचा होता. डोंगा मुळातच पिवळा, त्यावर काही दिसत नाही, पण नाकाला कसं फसवणार. शनिवारी रात्री अंगणात जाऊ शकणारी माणसं दोनच, एक मी.

मी शोभाला विचारलं नाही. विचारलं आणि ती हो म्हणाली, तर ह्या घरात बोलायला काही उरणार नाही. त्यापेक्षा राळ खराब निघाली म्हणणं सोपं आहे. फार थकलो आहे, चारुशीला. चतुर्दशी तोंडावर आली. तुपावर काही उपाय असेल तर तेवढा कळव, बाकी काही लिहू नको.

रुपराव


ठाणे
१ सप्टेंबर १९८४

ताई,

भाऊजींना वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात फक्त उपाय लिहिला आहे. त्यांची चूक एवढीच झाली की पहिलं ठिगळ सुटल्यावर ओशटपणा न काढता त्यांनी तिथेच घासलं. त्याने तूप आणखी खोल बसलं. आधी कढत पाणी आणि धुण्याचा सोडा, दोनदा. मग स्वच्छ फडक्याला थिनर लावून पुसायचं, दर वेळी नवं फडकं. पाणी टाकल्यावर त्याचे थेंब न होता सपाट पसरलं, की मगच घासायचं.

तुला मात्र बाकीचं लिहिते. तू सांगितलंस म्हणून मी त्या माणसाला खोटं लिहिलं. त्यांनी ते एका वाचनात ओळखलं आणि मला एका शब्दाने दुखवलं नाही. मला वाटलं, आता तू सोडून देशील. आणि तू तूप लावलंस, ताई? त्यांनी दिवसभर घासून तयार केलेल्या जागेवर? ज्या ठिगळावर ते बसणार आहेत त्याच्याखाली? समजा ते पाण्यात जाऊन सुटलं असतं तर? ज्याची तुला भीती वाटते तेच तू स्वतःच्या हाताने करत होतीस, हे तुझ्या डोक्यात आलं नाही का?

त्यांनी तुला विचारलेलं नाही. विचारणारही नाहीत. म्हणून मी विचारते.

चारू


प्रताप नगर
४ सप्टेंबर १९८४

चारू,

तुझं पत्र वाचून मी पिठाच्या डब्यावर बसून राहिले. तूप मीच लावलं. पण तू समजतेस तसं नाही. आता सगळं सांगते.

राखीच्या दिवशी मारोतराव दारात आला. वर्षभर तो आपल्या दारावरून जात नव्हता, लांबून वळसा घालून जायचा. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "ताई, मले राखी बांधा असं मी म्हनत नाही. तोंडच नाही मले. पन रुपरावभाऊ डोंगा घेऊन जाऊन राहिले म्हने. मले पोहता येत नाही. दोर धरता येते. डोंग्याले लांब दोर बांधा, त्याचं एक टोक माह्या कमरेले राहीन. मी काठावरून हालनार नाही." एवढं बोलून रडायला लागला. एवढा मोठा माणूस. मी राखी बांधली नाही, माझ्याने झालं नाही. पण चहा दिला. तो ओट्यावर बसून प्याला.

त्यानंतर ती घासण्याची खरखर मला दातांत लागेनाशी झाली. का ते विचारू नको. काठावर कोणी दोर धरून असणार, हे कळल्यावर श्वास थोडा खाली उतरला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी हे घासून दमले आणि घरात येऊन आडवे झाले. मी अंगणात गेले. डोंगा पालथा पडलेला, अंग खरबरीत, पांढुरकं झालेलं. मला सावनेरचं आपलं घर आठवलं. आपले बापूजी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळायचे, आठवतं? पळसाच्या पानाने तूप-हळद लावायची, जू घासून जिथे सोललं असेल तिथे जास्त. आपण तिघंही मागे उभे असायचो आणि ओमला आवतण म्हणायची घाई. मला वाटलं, ह्याच्याकडून आपण काम घेणार, तेही असं काम, आणि ह्याला कोणी साधं विचारलं नाही. वाटीत तूप घेतलं, हळद घातली, शेकून कोमट केलं. पळसाचं पान नव्हतं, पेरूचं घेतलं. आणि चिरलं होतं तिथे लावलं, चारू. बरोबर तिथेच. बैलाला तिथेच लावतात ना, जिथे दुखतं. म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग ह्यांच्या कपड्यांना डाग नको म्हणून फडक्याने पुसून काढलं.

मला वाटलं, मी शहाणपणा केला. मी तर जाऊ देत होते त्यांना. तूप लावलं म्हणजे जाऊ दिलं, असाच त्याचा अर्थ होता माझ्या मनात.

तुझं पत्र घेऊन मी सरळ पेरूखाली गेले. हे नुसतेच बसलेले होते, हातात कानस नाही, काही नाही. मी सगळं सांगितलं. आवतण दिलं तेही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "येवढं तूप मले कधी पोळीवर नाही वाढलं." आणि हसायला लागले. मलाही हसू आलं आणि मग हसू राहिलं नाही. दोघंही ओल्या अंगणात बसून राहिलो. शेजारच्या रुखमाबाई भिंतीवरून डोकावून गेल्या. त्यांना वाटलं असेल, ह्यांना झालं तरी काय.

मग मी चुलीवर पाणी ठेवलं. सोडा घातला. डोंगा दोघांनी धुतला. पाण्याचे थेंब होतात का ते मीच बघते आहे, ह्यांना चष्म्यातून दिसत नाही.

तू रागावून लिहिलंस ते बरं केलंस. नाही तर हे विचारणार नव्हते आणि मी सांगणार नव्हते.

ताई


ठाणे
७ सप्टेंबर १९८४

ताई,

कार्ड टाकते आहे. हे पोचेल तोवर विसर्जन होऊन गेलेलं असेल, म्हणून काही सूचना देत नाही. मी जे लिहिलं ते मागे घेते. कारखान्यात शिकवलं की ओशट पृष्ठभागाचं कारण शोधा. त्यात तेलाचा हात, यंत्राचं ग्रीस, सगळं होतं. खांदमळणी नव्हती. तुझं पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरोबरच केलं तिनं." मग मला उशीर होतो आहे म्हणून ओरडल्या.

ढोल इथेही वाजत आहेत. मी खिडकी लावून घेतली आहे.

चारू


प्रताप नगर
१२ सप्टेंबर १९८४

चारुशीला,

तुझं कार्ड आज आलं. खिडकी उघड. सांगतो काय झालं ते.

शुक्रवारी बाहेरचं ठिगळ दिलं. ह्या वेळी नख गेलं नाही, चाकूचं टोकही गेलं नाही. शनिवारी घासून गुळगुळीत केलं, मागे कडी बांधली, डोंग्याच्या नाकाला लांब दोर बांधला. चतुर्दशीला दुपारी ओमच्या नावाचं पान वाढून झालं आणि मी, मारोतराव आणि ताराचंद डोंगा ठेल्यावर घालून फुटाळ्याला निघालो. शोभा येणार नव्हती. तसं तिने आधीच सांगितलं होतं आणि मी आग्रह केला नाही. वर्षभर ती त्या रस्त्यानेसुद्धा गेलेली नाही.

पाण्यावर बसून राहणं हे भारी कंटाळवाणं काम आहे, चारुशीला. कोणी सांगितलं नव्हतं. पाय अवघडतात, कमर मोडते, गुलाल डोळ्यांत जातो, मंडळाची पोरं "ओ काका, फोटो काढून राहिले का?" म्हणून ओरडतात. मारोतराव काठावर कमरेला दोर गुंडाळून उभा. त्याला कोणी चहा दिला तर तो एका हाताने प्यायचा. डोंगा आतून कोरडा होता. मी दर थोड्या वेळाने पायाखाली हात फिरवून पाहत होतो. एक एक गणपती जात होता आणि मला वाटत होतं, चला, एवढ्यावर निभावलं.

संध्याकाळ उतरताना एका मोठ्या मूर्तीबरोबर माणसांचा घोळका आत आला. मूर्ती कलली, घोळका फुटला आणि एक माणूस त्यातून सुटून खोलात गेला. मी पाहिलं. माझ्यापासून फार लांब नव्हता. हात वर आला, गेला, पुन्हा आला. लोक ओरडायला लागले.

आणि मी हललो नाही.

हे मी तुलाच लिहितो आहे. वल्हं हातात होतं, डोंगा माझ्याखाली पक्का होता, दोन महिने मी ह्याच घडीसाठी घासत होतो. आणि माझे हात चालेनात. मला तिथे तो माणूस दिसतच नव्हता. ओम दिसत होता. मी तिथेच बसून राहिलो असतो. मला खात्री आहे, बसूनच राहिलो असतो.

तेवढ्यात काठावरून आवाज आला. एवढ्या ढोलांच्या वरून. "जा न! काय पाहून राहिले? जा!"

मी मान वळवली. शोभा होती. केव्हा आली कोण जाणे. गुडघाभर पाण्यात उभी, लुगडं भिजलेलं, एका हातात डबा, आणि दुसऱ्या हाताने मारोतरावाच्या पुढे दोर धरलेला. जी बाई मला पाण्याजवळ जाऊ देत नव्हती, ती दोर सैल सोडत होती आणि ओरडत होती, "जा!"

मग गेलो. कसा गेलो ते आठवत नाही. त्याच्यापाशी डोंग्याची शेपटी फिरवली, म्हटलं, "कडी धर, वर नको येऊ." त्याने धरली. अंगात भूत आल्यासारखा हिसके देत होता, डोंगा दोनदा कलला, पण उलटला नाही. तिकडून त्या दोघांनी दोर ओढायला सुरुवात केली. मला वल्हवावं लागलंच नाही.

माणूस वाचला. त्याच्या मंडळवाल्यांनी त्याला पालथा घातला, पाणी काढलं, रिक्षात घातलं आणि नेलं. नाव सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मारोतराव वाळूत बसून मोठमोठ्याने रडत होता, त्याला ताराचंद धरून होता. मी डोंग्यातच बसलेलो. मला वाटलं, आता शोभा म्हणेल, झालं ना तुमचं, चला घरी. मी उठायच्या तयारीत होतो. खरं तर तिने तसं म्हणावं अशी माझी इच्छा होती.

ती जवळ आली. पदराने माझ्या डोळ्यांवरचा गुलाल पुसला. डबा उघडून माझ्या मांडीवर ठेवला.

"चार घास खाऊन घ्या," म्हणाली. "अजून लई गणपती याचे आहेत."

रुपराव